पावसाळ्यांतील आपत्ति व गुरांच्या वैद्यकीय मदतीची पूर्वतयारी

धानाच्या मुलखांत शेतकऱ्याचें भांडवल कोणतें, असा प्रश्न केल्यास बहुतेक लोक जमिनीकडे बोट दाखवितील. जमीन हें भांडवल खरेंच; पण आषाढांत बांधीमध्यें चिखल करण्याची वेळ आली म्हणजे त्या जमिनीचें मोल दावणीच्या बैलजोडीवर ठरतें. पऱ्हे रोवणीस आले आहेत, बांधींत पाणी भरलें आहे, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत जोडींतील एक बैल घटसर्पानें किंवा पुरानें गेला, तर दुसऱ्या बैलाचाहि उपयोग उरत नाहीं. भाड्याची जोडी अथवा ट्रॅक्टर त्या आठवड्यांत सर्वांसच हवा असतो. रोवणी लांबते, आणि लांबलेली रोवणी म्हणजे घटलेलें पीक. एका जनावराच्या मृत्यूनें अशा रीतीनें सबंध वर्षाचा हिशेब बिघडतो.

अशा प्रसंगीं आपण सरकारी पशुवैद्याकडे धांव घेतों व तो वेळेवर आला नाहीं म्हणजे त्यास दोष देतों. प्रस्तुत लेखांत आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, धानोऱ्यासारख्या भागांत संकटाच्या दिवशीं निघालेली मदत बहुधा पोंचूं शकत नाहीं. जी मदत अगोदरच पोंचलेली असते तीच उपयोगी पडते. पशुवैद्यकीय पथकाची परीक्षा श्रावणांत होते, पण तिचा अभ्यास वैशाखांतच उरकावा लागतो. आणि त्या अभ्यासाचा निम्मा वांटा शेतकऱ्याचा आहे.

या भागाची विशेष अडचण

२६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्याचें विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. त्याच्या पूर्व बाजूस, छत्तीसगडच्या सीमेस लागून धानोरा तालुका आहे. तालुक्याचें ठाणें गडचिरोलीपासून सुमारें ३५ किलोमीटरांवर असून तेथपर्यंत जाण्यास पक्की सडक आहे. परंतु मुरुमगांव, पेंढरी, रांगी यांच्या आसपासचीं खेडीं रानांत विखुरलेलीं आहेत. कठाणी नदी व तिच्यासारखेच लहानमोठे नाले उन्हाळ्यांत पायीं ओलांडतां येतात. पण एका रात्रीच्या संततधारेनें ठेंगण्या पुलांवरून पाणी वाहूं लागतें आणि पलीकडचीं गांवें तुटतात. वीज जाते, आणि जेथें दूरध्वनीचा संपर्क मुळांतच क्षीण, तेथें तोहि नाहींसा होतो.

आपल्याच जिल्ह्यांतील अलीकडचीं उदाहरणें पहावीं. २०१९ च्या पावसाळ्यांत पर्लकोटा नदीच्या पुरानें भामरागडास पुन्हा पुन्हा वेढा घातला. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेस मोठा पूर आला. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत नदीकाठच्या गांवांत पाणी शिरलें. २०२२ च्या जुलैंत गोदावरीच्या पुरामुळें सिरोंचा तालुक्यांतील अनेक गांवें रिकामीं करावीं लागलीं. धानोऱ्याचे नाले या नद्यांएवढे मोठे नाहींत. परंतु लस घेऊन निघालेल्या माणसास अडविण्यास गोदावरीच लागते असें नाहीं, कमरेइतकें पाणी असलेला नालाहि पुरतो.

लस उशिरां टोंचली तर काय होतें

पावसाळ्याच्या तोंडीं या भागांत ज्या रोगांचें भय असतें त्यांत घटसर्प व फऱ्या हे दोन प्रमुख होत. घटसर्पांत अंगांत सडकून ताप भरतो, गळ्याखालीं सूज येते, श्वास घरघरतो व जनावर कित्येकदां एका दिवसाच्या आंत मरतें. फऱ्या हा विशेषेंकरून सहा महिने ते दोन वर्षें वयाच्या, चांगल्या पोसलेल्या जनावरांस होतो; मांडीवर अथवा फऱ्यावर सूज येते व ती दाबली असतां आंत करकर असा आवाज होतो. दोहोंचाहि वेग असा कीं, रोग ओळखून माणूस धाडावा आणि वैद्य यावा, इतकी सवड बहुधा मिळत नाहीं.

दोहोंवर लस आहे व ती चांगली आहे. परंतु लसीचें काम कसें चालतें तें नीट समजून घेतलें पाहिजे. लस म्हणजे औषध नव्हे. ती टोंचल्यावर जनावराचें रक्त त्या रोगाशीं झुंजण्याची शक्ति स्वतः तयार करतें, आणि या तयारीस सुमारें दोन ते तीन आठवडे लागतात. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास निघतें. त्यापूर्वीं तीन आठवडे मोजले असतां मेचा मध्य येतो. म्हणजे जें जनावर मेच्या मध्यापर्यंत टोंचलें गेलें, तें पहिल्या पावसास कवच घालून उभें राहिलें. जें जुलैंत, शेजारच्या गोठ्यांतील गाय मेल्यावर टोंचलें गेलें, तें पुढचे दोन-तीन आठवडे उघडेंच राहिलें. लस घेऊनहि जनावर मेलें, अशी तक्रार ऐकूं येते तिचें एक कारण हेंच होय.

दुसरें कारण थंडाव्याचें. घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकत यांच्या लसी २ ते ८ अंश सेल्सियस उष्णतामानांत ठेवाव्या लागतात. ऊन लागलें तर त्या निकामी होतात, आणि बर्फाप्रमाणें गोठल्या तरीहि बिघडतात. दवाखान्यांतील वीज दोन दिवस गेली तर शीतपेटींतील साऱ्या लसींचा भरंवसा संपतो. म्हणून वीज जाण्याच्या ऋतूंत लस सांठवून ठेवण्यापेक्षां, वीज असतांनाच ती जनावराच्या अंगांत घालणें हीच सर्वांत सुरक्षित सांठवण होय. शेतकऱ्यानेंहि टोंचणाऱ्याच्या पेटींत बर्फाच्या थैल्या आहेत कीं नाहींत, तें बेलाशक पहावें व विचारावें. यांत कोणाचाहि अपमान नाहीं.

टोंचण्याच्या दिवशीं गुरें पहांटेसच आखरावर जमवावीं. एकदां गुराखी तीं रानांत घेऊन गेला म्हणजे पथक दिवसभर ताटकळतें, बर्फ वितळतो आणि निम्मीं जनावरें राहून जातात. गांवांत एक मजबूत लांकडी खोडा असावा. त्यावांचून मारकुटें जनावर टोंचलें जात नाहीं, आणि राहिलेलें एक जनावर दहांस धोका देतें.

बुळकांडी व लंपी यांचा धडा

पूर्वतयारीनें काय साधतें, याचें सर्वांत मोठें उदाहरण बुळकांडीचें आहे. एके काळीं या रोगानें गांवेंच्या गांवें गुरांवांचून ओस पाडलीं. त्याच्या अभ्यासास वाहिलेली सरकारी प्रयोगशाळा १८८९ सालीं पुण्यास निघाली व १८९३ सालीं ती हिमालयांतील मुक्तेश्वर येथें नेण्यांत आली. पुढें तेथेंच शेळीच्या शरीरांतून सौम्य केलेली लस तयार झाली. १९५४ सालीं देशभर निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. २००६ सालीं भारत या रोगापासून मुक्त ठरला आणि २०११ सालीं साऱ्या जगांतून बुळकांडी नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, बुळकांडीवर खात्रीचें औषध शेवटपर्यंत सांपडलें नाहीं. ती गेली ती लसीनें, आणि रोग दिसतांच बातमी देण्याच्या शिस्तीनें.

याच्या उलट लंपी त्वचारोगाचा अनुभव. हा रोग भारतांत प्रथम २०१९ सालीं ओडिशांत आढळला. २०२२ च्या ऑगस्टांत जळगांव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यांतील चिनावल येथें तो दिसला आणि पाहतां पाहतां महाराष्ट्रभर पसरला. माशा, डांस व गोचिडी त्याचा प्रसार करतात. आणि बाजारांतून बाजारांत जाणाऱ्या गुरांबरोबर तो शेंकडों कोस प्रवास करतो. सरकारास गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. शेळ्यांच्या देवीवरील लस गोवर्गीय जनावरांस मोफत टोंचण्यांत आली. मेलेल्या जनावरांबद्दल गाईस ३०,०००, बैलास २५,००० व वांसरास १६,००० रुपये असें साहाय्य त्या वेळीं ठरलें. साहाय्य मिळालें हें बरें झालें. पण रोवणीच्या वेळीं गेलेला बैल पैशानें त्याच दिवशीं परत येत नाहीं. ज्या गांवानें पहिली गांठ दिसतांच जनावर वेगळें बांधलें व बातमी दिली, त्या गांवाच्या आसपास लसीचें कडें घालण्यास पथकास सवड मिळते; ज्यानें चार दिवस लपविलें, तें आपल्याबरोबर शेजारच्या गांवांसहि धोक्यांत घालतें.

२००९ च्या प्राण्यांतील संक्रामक व सांसर्गिक रोगांसंबंधींच्या कायद्यानें अशी बातमी देणें हें मालकाचें कर्तव्यच ठरविलें आहे. आम्ही मात्र कायद्याचा धाक घालीत नाहीं. स्वार्थाच्या दृष्टीनें पाहिलें तरी तेंच शहाणपणाचें आहे.

पथकाजवळ काय असावें

पथक म्हणजे केवळ एक डॉक्टर व त्याची पेटी नव्हे. पावसाळ्यापूर्वीं तालुक्याच्या नकाशावर, कोणतीं गांवें कोणत्या नाल्यानें तुटतात, हें खुणेनें दाखविलें पाहिजे. प्रत्येक तुटणाऱ्या टापूसाठीं नाल्याच्या पलीकडेच राहणारा एक शिकलेला माणूस नेमलेला असावा, आणि तो आजारी पडल्यास त्याच्या जागीं कोण, हेंहि लिहून ठेवलेलें असावें. औषधांचा सांठा एकाच ठाण्यावर न ठेवतां त्याचा एक भाग मृगापूर्वींच मुरुमगांव-पेंढरीच्या बाजूस गेला पाहिजे.

या सांठ्यांत घटसर्प-फऱ्यांवर चालणारीं जंतुनाशक औषधें व सुया, शिरेंतून देण्याचीं सलाइनें, जखम धुण्याचें औषध व आयोडीन, माशा दूर ठेवणारें मलम, पोटफुगीवर नळी-सुई, सर्पविषावरील प्रतिविष, मलमपट्टीचें कापड, रबरी हातमोजे, नमुन्यांसाठीं बाटल्या व कांचपट्ट्या, चुना, दोर आणि विजेऱ्या एवढें तरी असावें. लस ठेवावयाच्या शीतपेटीस जनित्राची जोड असावी. हीं औषधें शिकलेल्या हातानेंच द्यावयाचीं आहेत. निम्म्या मात्रेंत दिलेलें जंतुनाशक रोग दाबतें पण मारीत नाहीं, आणि पुढें तेंच औषध लागू पडेनासें होतें.

राज्यांत पशुवैद्यकीय मदतीसाठीं १९६२ हा निःशुल्क दूरध्वनि क्रमांक आहे. तो प्रत्येक गोठ्याच्या दारावर लिहून ठेवावा. आणि ज्या गांवांत संपर्क लागत नाहीं तेथें कोणत्या टेकडीवर अथवा कोणत्या शेजारच्या गांवीं तो लागतो, हेंहि ठरवून ठेवावें.

पूर येतो तेव्हां

पुरांत गुरें वाहून जातात, अशी समजूत आहे. परंतु पुष्कळ गुरें दाव्याला बांधलेलीं असल्यामुळेंच बुडतात. मोकळें जनावर पोहून उंचवटा गांठण्याचा प्रयत्न तरी करतें. म्हणून पाणी चढण्याचा संभव दिसतांच पहिलें काम दावीं सोडण्याचें. रात्रीं पाऊस थांबत नसेल तर गोठ्याचें दार अडकवून निजूं नये. कोणतीं गुरें कोणत्या टेकडीवर न्यावयाचीं व त्यांबरोबर कोणी जावयाचें, हें गांवानें अगोदरच नेमून द्यावें.

त्या उंचवट्यावर चारा हवा. आपल्या भागांतील बैल अंगानें लहान असतात. ज्या कठाणी नदीचा वर उल्लेख केला तिच्याच नांवाची कठाणी ही गोजात २०२३ च्या जानेवारींत देशाच्या मान्य जातींच्या यादींत आली. धानाच्या चिखलांत काम करण्याबद्दल तिची ख्याति आहे. अशा बैलास दररोज पांच-सहा किलो तणस पुरतें. सहा किलो धरले तरी एका जोडीस सात दिवसांचें ८४ किलो होतें. म्हणजे जोडीमागें एक क्विंटल तणस उंच मचाणावर, झांकून, बाजूस ठेवलें कीं एका आठवड्याची काळजी मिटली. भिजून बुरशी आलेलें तणस मात्र देऊं नये. त्यानें विषबाधा होते.

पाणी ओसरल्यावर दुसरें संकट सुरू होतें. गाळानें माखलेलें गवत खाल्ल्यानें हगवण लागते, चिखलांत उभें राहून खुरें सडतात, जखमांत किडे पडतात. चार-सहा दिवस गुरें गाळाच्या कुरणांत सोडूं नयेत. खुरें धुऊन कोरडीं करावीं. सांचलेल्या डबक्याऐवजीं विहिरीचें पाणी पाजावें. पुरानंतरच्या पहिल्या फेरींत पथकानें केवळ आजारी जनावरें न पाहतां निरोगी कळपहि पहावा, कारण पुढील आठवड्यांतील रोगी त्यांतूनच निघावयाचे असतात.

वीज व अकस्मात् मृत्यु

ढग गडगडूं लागतांच गुराख्यानें गुरें एकट्या उंच झाडाखालीं गोळा करूं नयेत. एका विजेनें सारा कळप जातो तो अशानेंच. सखल, मोकळ्या जागीं गुरें पांगलेलीं बरीं. तारेच्या कुंपणापासूनहि तीं दूर ठेवावीं.

मात्र रानांत मेलेलें प्रत्येक जनावर विजेनेंच मेलें असें समजूं नये. पूर्वीं कांहीं लक्षण न दिसतां जनावर एकाएकीं मेलें, नाकातोंडांतून अगर गुदद्वारांतून काळसर, न गोठणारें रक्त आलें, तर तो फाशी रोग असूं शकतो, व तो माणसासहि होतो. अशा मढ्याचें कातडें सोलूं नये, तें चिरूं नये, मांस तर खाऊंच नये. वैद्य कानाच्या शिरेंतील रक्ताचा थेंब कांचपट्टीवर घेऊन परीक्षा करतो. मढें ओढीत न नेतां जवळच, विहिरी-नाल्यांपासून दूर, सहा फूट खोल खड्ड्यांत भरपूर चुना घालून पुरावें. या रोगाचे बीजाणु जमिनींत वर्षानुवर्षें जिवंत राहतात. मढें उघडें टाकणें म्हणजे आपल्याच चराईंत रोगाचें बीं पेरणें होय. यासाठीं पुराच्या पाण्याबाहेरची एक जागा प्रत्येक गांवानें आधींच राखून ठेवावी.

नैसर्गिक आपत्तींत गेलेल्या जनावरांबद्दल साहाय्याचे दर सरकार ठरवितें. २०२२-२३ ते २०२५-२६ या मुदतीसाठीं दुभत्या गाई-म्हशीस ३७,५००, ओढकाम करणाऱ्या बैलास ३२,०००, वांसरास २०,००० व शेळी-मेंढीस ४,००० रुपये असे दर होते. जनावरांच्या संख्येवर मर्यादाहि होती. हें साहाय्य मिळण्यास पंचनामा व पशुवैद्याचा दाखला लागतो. म्हणून मढें पुरण्याची घाई झाली तरी तलाठी व वैद्य यांस ताबडतोब वर्दी द्यावी; रस्ता तुटला असल्यास कानांतील बिल्ल्याचा बारा आंकडी क्रमांक दिसेल असें छायाचित्र काढावें व पंचांच्या सह्या घ्याव्या. ज्या जनावरास बिल्लाच नाहीं, त्याची ओळख पटविणें मागाहून कठीण जातें. बिल्ला लावून घेण्यास जे लोक नाखूष असतात त्यांनीं याचा विचार करावा.

शेतकऱ्यांच्या मंडळानें काय करावें

आमच्या मतें प्रत्येक गांवच्या शेतकरी मंडळानें चैत्रांत एक बैठक भरवून पुढील गोष्टींचा निर्णय करावा: गांवांत गुरें किती व कोणाचीं, गुरें नेण्याची टेकडी कोणती, मढीं पुरण्याची जागा कोणती, वर्दी देणारीं दोन माणसें कोणतीं, आणि खोडा दुरुस्त आहे कीं नाहीं. ही यादी पशुवैद्यकीय दवाखान्यांत नेऊन द्यावी व तिच्या बदल्यांत लस टोंचण्याची तारीख मागून घ्यावी. ती तारीख मेच्या मध्यापुढें जात असेल तर सर्वांनीं मिळून तसें लेखी कळवावें. एकट्याच्या तक्रारीपेक्षां दहा गांवांच्या यादीस अधिक वजन असतें.

हें या तालुक्यास अवघड नाहीं. सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशांतील पहिल्या गांवांपैकीं मेंढा (लेखा) हें गांव धानोरा तालुक्यांतीलच आहे, व सर्वांनीं बसून एकमतानें निर्णय करण्याची त्याची रीत दूरवर माहीत आहे. जी ग्रामसभा रानाचा कारभार पाहूं शकते, तिला गुरांच्या टेकडीचा निर्णय करणें कठीण जाऊं नये. शिवाय आपलीं गुरें रानांतच चरतात. त्यांचे रोग रानगव्यांपर्यंत व हरणांपर्यंत जातात. टोंचलेला कळप हें रानाचेंहि रक्षण आहे.

चैत्रांत यादी, वैशाखांत लस, ज्येष्ठाच्या आरंभीं तणस मचाणावर व औषधें नाल्यापलीकडे, एवढा क्रम साधला म्हणजे आषाढांत नाले कितीहि भरून वाहिले तरी मदत नाल्याच्या आपल्याच बाजूस असेल. पूर अडविणें कोणाच्या हातीं नाहीं; परंतु पुराच्या दिवशीं आपला बैल टोंचलेला, मोकळा व उंचावर असावा, हें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. येत्या चैत्रांत ही बैठक आपल्या गांवीं भरविण्याचें आमच्या वाचकांनीं मनावर घ्यावें, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.